वीजप्रणालीच्या मॉडेलमधील धन-ऋण चिन्हे आणि एकके : एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईतील एका सल्लागार कार्यालयात काम करणाऱ्या तरुण अभियंत्याकडे मुंबई परिसराच्या २२०, ११० आणि ३३ केव्ही जाळ्याचे मॉडेल आले असून ते एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायचे आहे. पहिल्या फाइलीत ५०० मेगावॅटचा जनित्रसंच उणे ५०० असा दिसतो, दुसरीत अधिक ५००. कपॅसिटर बँकेचे चिन्ह दोन ठिकाणी उलट आहे. एका केबलच्या दोन्ही टोकांच्या रिॲक्टिव्ह पॉवरची (प्रत्यक्ष काम न करता जाळ्यात ये-जा करणाऱ्या, मेगाव्हारमध्ये मोजल्या जाणाऱ्या शक्तीची) बेरीज ऋण येते, त्यामुळे केबलमध्ये लॉस होण्याऐवजी काही निर्माण होते की काय, अशी शंका आली आहे. शिवाय दहा किलोमीटरच्या एका ११० केव्ही वाहिनीचा रिॲक्टन्स एका फाइलीत ०.०३३१, तर दुसरीत ०.०२३० पर युनिट (म्हणजे ठरवलेल्या आधारमूल्याच्या पटीत) आहे. यांतले बरोबर काय आणि चूक कशी शोधायची, असे विचारले आहे.

आधी निकाल सांगतो. पहिल्या तीन गोष्टींत चूक असेलच असे नाही. चौथीत मात्र निश्चित आहे. कारण पहिल्या तीन गोष्टी चिन्हसंकेताच्या आहेत आणि चौथी आधारमूल्याची. संकेत दोन असू शकतात आणि दोन्ही योग्य असू शकतात. एका तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या वाहिनीचे ओहममधील मूल्य मात्र एकच असते.

चिन्हाला स्वतःचा अर्थ नसतो. कोणती दिशा धन मानली आहे हे ज्याने सांगितले, त्याच्या विधानाच्या संदर्भातच अधिक-उण्याला अर्थ येतो. दादरच्या फलाटावर उभे राहिले की चर्चगेटकडे जाणारी गाडी ‘अप’ आणि विरारकडे जाणारी ‘डाउन’ असते. यात चढ-उताराचा काही संबंध नाही, मूळ स्थानक कोणते मानायचे ते एकदा ठरले आणि सर्वांनी ते पाळले, एवढेच. मॉडेलमध्ये अडचण येते ती संकेत ‘चुकीचा’ असल्यामुळे नव्हे, तर तो कोठेच लिहून न ठेवल्यामुळे आणि एकाच फाइलीत दोन संकेत शेजारी शेजारी नांदत असल्यामुळे.

मूळ संकेत दोनच आहेत. ग्राहकसंकेतात उपकरणाच्या आत शिरणारी शक्ती धन धरतात, जनित्रसंकेतात उपकरणातून बाहेर जाणारी. कॉम्प्लेक्स पॉवर म्हणजे व्होल्टेज गुणिले करंटचा कॉंज्युगेट, ही व्याख्या दोन्हींत तीच राहते. बदलते ती फक्त करंटची धन मानलेली दिशा. या व्याख्येनुसार ग्राहकसंकेतात इंडक्शन मोटरची सक्रिय शक्ती धन आणि रिॲक्टिव्ह पॉवरही धन येते, तर कपॅसिटरची रिॲक्टिव्ह पॉवर ऋण येते. जनित्रसंकेतात जास्त एक्सायटेशनवर चालणाऱ्या जनित्राच्या दोन्ही शक्ती धन येतात. येथेच एक गोष्ट मनात पक्की करून घ्यावी: करंटची दिशा उलटली की सक्रिय आणि रिॲक्टिव्ह या दोन्हींची चिन्हे एकदमच उलटतात, त्यांपैकी एकच उलटणे या व्याख्येत शक्य नाही.

हे सांगण्याचे कारण असे की, फाइल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेताना सर्वांत महागात पडणारी चूक नेमकी याच ठिकाणी होते. आपला ५०० मेगावॅटचा संच ०.८५ पॉवर फॅक्टरवर रिॲक्टिव्ह पॉवर देत असेल तर ती सुमारे ३१० मेगाव्हार होते. ग्राहकसंकेताच्या फाइलीत हा संच उणे ५०० आणि उणे ३१० असा लिहिलेला असेल. आयात करणाऱ्याने ‘जनित्राची निर्मिती धन हवी’ म्हणून फक्त मेगावॅटचे चिन्ह बदलले, तर नव्या मॉडेलमध्ये तोच संच ५०० मेगावॅट देत आणि ३१० मेगाव्हार ओढत उभा राहतो. म्हणजे ६२० मेगाव्हारचा फरक पडला. हे मूल्य प्रत्यक्षात जनित्राच्या क्षमतावक्राच्या बाहेरचे असते. तरीही मर्यादा भरलेल्या नसतील तर लोड फ्लो (जाळ्यातील व्होल्टेज आणि शक्तिप्रवाह काढणारे गणित) निमूटपणे उत्तर देतो, फक्त आसपासच्या बसवरील (जाळ्यातील जोडबिंदूंवरील) व्होल्टेज खाली गेलेले दिसते आणि मग कोणीतरी नसलेल्या त्रुटीवर उपाय म्हणून कपॅसिटर सुचवते.

आता आपल्या दोन फाइलींतील फरकाकडे येतो. आयईसी ६१९७० या मानकावर आधारलेल्या सीआयएम (जाळ्याच्या माहितीच्या देवाणघेवाणीचा समान साचा) फाइलींत सर्व उपकरणांसाठी, जनित्रांसाठीसुद्धा, ग्राहकसंकेत वापरतात. बसमधून बाहेर पडून उपकरणात जाणारी शक्ती धन. म्हणून तेथे चालू असलेला संच उणे ५०० दिसणे हेच योग्य. मॅटपॉवर या लोड फ्लोच्या सॉफ्टवेअरमध्ये जनित्रांच्या तक्त्यात निर्मिती धन आणि बसच्या तक्त्यात मागणी धन असते. पँडापॉवरमध्ये जनित्रे जनित्रसंकेताने, तर भार, शंट (बस आणि जमीन यांच्यामध्ये जोडलेले कपॅसिटर किंवा रिॲक्टर) आणि साठवण ग्राहकसंकेताने भरतात. साठवणुकीची बॅटरी चार्ज होत असताना तिची शक्ती धन असते. त्याच पॅकेजच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत निर्मिती ऋण आणि एकक किलोवॅट होते. दुसऱ्या मुख्य आवृत्तीपासून निर्मिती धन आणि एकक मेगावॅट झाले, त्यामुळे जुनी स्क्रिप्ट नव्या आवृत्तीवर चालवताना चिन्ह आणि हजाराचा गुणक हे दोन्ही तपासावे लागतात. ओपनडीएसएसमध्ये तर जनित्र भरताना किलोवॅट धन लिहितात, पण निकालात प्रत्येक उपकरणाच्या टर्मिनलमधून आत जाणारी शक्ती धन छापली जाते, म्हणून तेच जनित्र निकालात ऋण दिसते. एकाच सॉफ्टवेअरची भरण्याची बाजू आणि छापण्याची बाजू वेगवेगळ्या संकेतांवर असू शकते, हे त्यावरून लक्षात घ्यावे.

आपल्या भागात ही बाब निव्वळ तात्त्विक राहत नाही, कारण येथे दोन्ही दिशांनी चालणारी उपकरणे बरीच आहेत. भिऱ्याचा १५० मेगावॅटचा उदंचन संच किंवा घाटघरचे १२५ मेगावॅटचे दोन संच रात्री पाणी वर चढवतात तेव्हा ते भार असतात आणि मागणीच्या वेळी जनित्रे असतात; त्यांना मॉडेलमध्ये एकदा ‘जनित्र’ म्हणून भरले की उदंचनाच्या वेळची शक्ती ऋण ठेवावी, वेगळा भार जोडून दोन नोंदी करू नयेत, नाहीतर कधीतरी दोन्ही एकाच वेळी चालू राहतात. उपनगरी रेल्वेच्या २५ केव्ही उपकेंद्रांचेही तसेच आहे. लोकल ब्रेक लावते तेव्हा तिच्या मोटरी वीज परत तारेत ढकलतात आणि जवळपास दुसरी गाडी नसेल तर काही क्षण उपकेंद्राची शक्ती उलट दिशेने वाहते. अशा भाराच्या मोजमापातील ऋण मूल्ये ‘मीटरमधील बिघाड’ समजून शून्य करणारे फिल्टर मी अनेक अभ्यासांत पाहिले आहेत. ते काढून टाकावेत.

चिन्हांपेक्षाही घातक आहेत ते ‘लॅगिंग’ आणि ‘लीडिंग’ हे शब्द. मोटर ०.८५ लॅगिंगवर चालते म्हणजे ती रिॲक्टिव्ह पॉवर घेते, जनित्र ०.८५ लॅगिंगवर चालते म्हणजे ते रिॲक्टिव्ह पॉवर देते. शब्द तोच, परिणाम उलट, कारण प्रत्येकाचा करंट आपापल्या संकेताने मोजलेला असतो. सौर प्रकल्पाच्या इन्व्हर्टरला ‘०.९५ लॅगिंगवर ठेवा’ असे पत्र गेले की इन्व्हर्टर पुरवठादार त्याचा एक अर्थ घेतो, वीज कंपनीचा अभियंता दुसरा, आणि व्होल्टेज कमी व्हायचे तेथे वाढते. मीटरवरील पॉवर फॅक्टरच्या चिन्हाचाही असाच घोळ आहे: आयईसी पद्धतीत ते चिन्ह सक्रिय शक्तीची दिशा दाखवते, तर आयईईई पद्धतीत लॅग की लीड ते दाखवते, आणि अनेक मीटरांत हा पर्याय सेटिंगमधून बदलता येतो. म्हणून माझा आग्रह असा की मॉडेलमध्ये पॉवर फॅक्टर भरूच नये. मेगावॅट आणि मेगाव्हार भरावेत, आणि पत्रात लिहायचे झाल्यास ‘रिॲक्टिव्ह पॉवर घेतो’ किंवा ‘देतो’ असे क्रियापद वापरावे.

रिॲक्टिव्ह पॉवरच्या चिन्हाशी पैसाही बांधलेला आहे. भारतीय वीज ग्रिड संहितेतील तरतुदीनुसार व्होल्टेज ९७ टक्क्यांच्या खाली असताना ग्रिडमधून रिॲक्टिव्ह पॉवर ओढणाऱ्याने पैसे भरायचे आणि देणाऱ्याला ते मिळायचे. व्होल्टेज १०३ टक्क्यांच्या वर गेले की हेच उलटे होते. तेव्हा आंतरजोडणीच्या मीटरवरील ‘धन’ म्हणजे ओढणे की देणे, हे मॉडेलशी जुळवून न घेता काढलेला वार्षिक अंदाज आकाराने बरोबर आणि दिशेने पूर्ण उलटा येऊ शकतो.

आता केबलकडे. वाहिनी असो की केबल, बहुतेक लोड फ्लो सॉफ्टवेअर तिच्या प्रत्येक टोकाशी ‘बसमधून वाहिनीत जाणारी शक्ती’ धन धरतात. दोन्ही टोकांना बाण वाहिनीच्या आत वळलेले असल्यामुळे दोन मूल्यांची बेरीज म्हणजे वाहिनीने स्वतः घेतलेली शक्ती. सक्रिय शक्तीची ही बेरीज धनच यायला हवी, कारण तो उष्णतेत गेलेला लॉस आहे. ती ऋण आली तर मॉडेलमध्ये ऋण रेझिस्टन्स भरला गेला आहे किंवा एका टोकाचे मोजमाप उलटे जोडले आहे. रिॲक्टिव्ह पॉवरच्या बेरजेला मात्र असे बंधन नाही. वाहिनीचा मालिकेतील रिॲक्टन्स रिॲक्टिव्ह पॉवर घेतो आणि तिची जमिनीशी असलेली कपॅसिटन्स ती देते. या दोहोंत जे मोठे, त्याचे चिन्ह बेरजेला मिळते.

मुंबईसारख्या शहरात २२० केव्हीच्या भूमिगत केबली असताना हे आकडे एकदा हाताने करून पाहावेत. कपॅसिटन्स किलोमीटरला ०.२ मायक्रोफॅरड धरू. ५० हर्ट्झला कोनीय वारंवारता ३१४.१६ रेडियन प्रतिसेकंद, म्हणून ससेप्टन्स (कोनीय वारंवारता गुणिले कपॅसिटन्स) किलोमीटरला ६२.८ मायक्रोसीमेन्स. त्याला २२० च्या वर्गाने, म्हणजे ४८,४०० ने गुणले की किलोमीटरला ३.०४ मेगाव्हार येतात. दहा किलोमीटरची केबल विनाभार असतानाही ३०.४ मेगाव्हार देते. तेवढ्याच व्होल्टेजची उघडी वाहिनी किलोमीटरला ०.१४ मेगाव्हारच्या आसपास देते, म्हणजे केबल तिच्या वीसपटीहून अधिक. आता या केबलमधून २०० एमव्हीए नेले तर करंट ५२५ अँपिअर होतो. रिॲक्टन्स किलोमीटरला ०.१५ ओहम धरला तर एकूण १.५ ओहम, आणि तिन्ही फेज मिळून त्यात १.२४ मेगाव्हार खर्च होतात. बेरीज उणे २९.२ आली. म्हणजे आपल्या केबलची ऋण बेरीज हे भौतिकीला धरून आलेले उत्तर आहे. तेथे धन बेरीज आली असती तर मला काळजी वाटली असती. उघड्या वाहिनीत मात्र भार वाढला की चिन्ह पालटते: दोन मूस वाहकांच्या ४०० केव्ही वाहिनीत साधारण ५०० मेगावॅटच्या आसपास देणे आणि घेणे सारखे होते, त्याच्या वर वाहिनी ग्राहक बनते.

याच ठिकाणी अर्ध्याचा आणि पूर्णाचा गोंधळ होतो. वाहिनीच्या पाय मंडलात (π आकाराच्या समतुल्य मंडलात) ससेप्टन्स दोन टोकांना अर्धा-अर्धा विभागतात. मॅटपॉवर आणि पीएसएसई यांच्या वाहिनीच्या नोंदीत पूर्ण ससेप्टन्स भरायचा असतो, विभागणी सॉफ्टवेअर करते. कोणी आधीच अर्धे करून भरले तर वरच्या केबलचे १५ मेगाव्हार गायब होतात. आणि कपॅसिटन्स नॅनोफॅरडमध्ये विचारली असता मायक्रोफॅरडमधील मूल्य टाकले तर हजारपट फरक पडतो. विशेष म्हणजे तो कमी पडण्याच्या बाजूने असल्यामुळे लोड फ्लो अतिशय सुबकपणे सुटतो आणि कोणालाही संशय येत नाही. वाढणाऱ्या चुका स्वतःहून ओरडतात, घटणाऱ्या चुका गप्प बसतात, म्हणून केबलचे विनाभार मेगाव्हार ही तपासणी मी प्रत्येक मॉडेलवर करतोच.

कपॅसिटर बँकेच्या उलट चिन्हाचे कारण ॲडमिटन्सच्या (इम्पिडन्सच्या व्यस्ताच्या) व्याख्येत आहे. शंटची ॲडमिटन्स म्हणजे कंडक्टन्स अधिक काल्पनिक भाग ससेप्टन्स. पण शक्तीच्या व्याख्येत कॉंज्युगेट येत असल्यामुळे धन कंडक्टन्स सक्रिय शक्ती घेतो आणि धन ससेप्टन्स रिॲक्टिव्ह पॉवर देतो. म्हणून मॅटपॉवरच्या बस तक्त्यात शेजारी शेजारी असलेल्या दोन स्तंभांपैकी एक ‘१ पर युनिट व्होल्टेजला घेतलेले मेगावॅट’ असतो आणि दुसरा ‘१ पर युनिट व्होल्टेजला दिलेले मेगाव्हार’. पाहणाऱ्याला हे विसंगत वाटते, प्रत्यक्षात ते ॲडमिटन्सशी पूर्ण सुसंगत आहे. पँडापॉवर शंटसाठी शक्ती विचारते, ॲडमिटन्स नव्हे, आणि ती ग्राहकसंकेताने. त्यामुळे तेथे कपॅसिटर ऋण आणि रिॲक्टर धन. सीआयएममध्ये प्रत्येक टप्प्याचा ससेप्टन्स सीमेन्समध्ये भरतात. ३३ केव्हीच्या २० मेगाव्हार बँकेसाठी तो २० भागिले १०८९, म्हणजे ०.०१८४ सीमेन्स, आणि चिन्ह धन. तीन ठिकाणी तीन वेगळी रूपे, उपकरण एकच.

या बँकेबाबत आणखी एक गोष्ट: ती व्होल्टेजच्या वर्गाने चालते. ०.९५ पर युनिटला २० मेगाव्हारऐवजी १८ मेगाव्हारच मिळतात. कपॅसिटरला ‘ऋण भार’ म्हणून स्थिर शक्तीच्या रूपात भरण्याची सोपी वाट अनेक जण घेतात. चिन्ह बरोबर असूनही ते मॉडेल व्होल्टेज खचण्याच्या अभ्यासात गरजेपेक्षा आशावादी उत्तर देते, कारण ज्या क्षणी मदत हवी त्या क्षणी खरा कपॅसिटर दुबळा होत असतो. रोहित्राच्या मॅग्नेटायझिंग शाखेचा ससेप्टन्स ऋण असायला हवा, कारण ती शाखा इंडक्टिव्ह आहे. तो धन भरलेला मला इतक्या वेळा आढळला आहे की विनाभार करंट अर्धा टक्का असलेल्या रोहित्रांकडेही दुर्लक्ष करू नये असे मी म्हणेन.

रोहित्राच्या टॅपबाबत चिन्हापेक्षा बाजू महत्त्वाची. मॅटपॉवरमध्ये आदर्श रोहित्र ‘पासून’ बसकडे असते आणि इम्पिडन्स ‘पर्यंत’ बसकडे. गुणोत्तर वाढवले की ‘पर्यंत’ बाजूचे व्होल्टेज उतरते. आपल्याकडे भारावर बदलता येणारा टॅप बहुधा उच्चदाबाच्या बाजूला असतो, पण टॅपचा क्रमांक वाढला की वेटोळी वाढतात की कमी होतात हे नामपट्टीवरील तक्त्यावरूनच ठरवावे. फेज कोनाच्या चिन्हाची तपासणी घड्याळाच्या अंकावरून (रोहित्राच्या जोडणीच्या नावातील अंकावरून) करता येते: डीवायएन ११ म्हणजे लघुदाबाची बाजू ३० अंशांनी पुढे. संतुलित लोड फ्लोमध्ये हा कोन वगळला तरी मेगावॅट बदलत नाहीत; तीन फेजच्या मॉडेलमध्ये किंवा समांतर मार्ग असलेल्या जाळ्यात तो एकाच रोहित्राला वगळला तर काल्पनिक प्रचंड प्रवाह फिरू लागतो.

एककांकडे वळतो. मेगावॅट, केव्ही आणि ओहम ही एकके एकमेकांशी आपोआप जुळतात: केव्हीचा वर्ग भागिले ओहम म्हणजे थेट एमव्हीए. म्हणून मी कच्ची माहिती नेहमी याच त्रिकुटात ठेवतो आणि पर युनिट रूपांतर शेवटच्या पायरीवर, एकाच ठिकाणी करतो. पर युनिटमध्ये आधीच रूपांतरित झालेला आकडा आधारमूल्यांशिवाय मिळाला तर तो अपुरा आकडा आहे. पाठवणाऱ्याला परत विचारण्यात संकोच करू नये.

१०० एमव्हीए आधारावर आधार-इम्पिडन्स ४०० केव्हीला १६०० ओहम, २२० केव्हीला ४८४, ११० केव्हीला १२१, ३३ केव्हीला १०.८९ आणि ११ केव्हीला १.२१ ओहम. हे पाच आकडे पाठ असावेत. १२५ एमव्हीएच्या रोहित्राची नामपट्टीवरील इम्पिडन्स १२.५ टक्के असेल, तर १०० एमव्हीए आधारावर ती ०.१० पर युनिट होते, ०.१२५ दिसली तर आधार बदलायचा राहिला आहे, आणि १२.५ दिसली तर टक्के तसेच भरले गेले आहेत. वितरण रोहित्र ११ केव्ही ते ४३३ व्होल्ट असते, पण लघुदाबाच्या बसचा आधार आपण ४१५ धरतो. या दोहोंचे गुणोत्तर १.०४३ नाममात्र टॅपवरही मॉडेलमध्ये आले पाहिजे, नाहीतर ग्राहकाकडील व्होल्टेज चार टक्क्यांनी चुकते.

वारंवारतेचा आधारही लिहावा लागतो. ओपनडीएसएसचा मूळ आधार ६० हर्ट्झ आहे. तो ५० वर आणला नाही तर आपल्या तक्त्यातील ओहममधले रिॲक्टन्स ६० हर्ट्झचे समजले जातात, आणि ५० हर्ट्झवर सोडवताना प्रत्येक वाहिनीचा रिॲक्टन्स सुमारे १७ टक्क्यांनी घटतो. रेझिस्टन्स जागेवर राहत असल्याने लॉस बरोबर दिसतात आणि व्होल्टेजमधील घट मात्र कमी दिसते.

क्षणिक अवस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये व्होल्टेजचे स्रोत अनेकदा फेजच्या शिखरमूल्यात विचारतात. ११० केव्ही हे दोन फेजमधील परिणामी मूल्य. फेजचे शिखरमूल्य ८९.८ केव्ही. डी-क्यू रूपांतरात (तीन फेजच्या राशी फिरत्या डी आणि क्यू अक्षांवर मांडताना) आयाम कायम ठेवणारी पद्धत घेतली तर शक्तीच्या सूत्रात दीडचा गुणक येतो, शक्ती कायम ठेवणाऱ्या पद्धतीत येत नाही. नियंत्रक एका पद्धतीने आणि मोजमाप दुसऱ्या पद्धतीने लिहिले गेले तर शक्ती दीडपट किंवा दोन तृतीयांश दिसते. तसेच क्यू अक्ष डी अक्षाच्या पुढे की मागे, हे दोन्ही प्रकारे प्रचलित आहे, आणि ते न जुळल्यास रिॲक्टिव्ह पॉवरचे नियंत्रण उलट दिशेने धावते.

स्थैर्याच्या अभ्यासासाठी एच हा इनर्शिया स्थिरांक (फिरत्या भागात साठलेली ऊर्जा भागिले एमव्हीए) जनित्राच्या स्वतःच्या एमव्हीए आधारावर दिलेला असतो. ५०० मेगावॅटच्या संचाचे जनित्र साधारण ५८८ एमव्हीएचे. त्याचा एच ३ सेकंद असेल तर १०० एमव्हीए आधारावर तो १७.६४ सेकंद होतो. काही सूत्रांत एचऐवजी त्याच्या दुप्पट मूल्य वापरतात. जुन्या यंत्रांच्या कागदांवर जीडी-वर्ग दिलेला असतो, आणि तो जडत्व आघूर्णाच्या चौपट असतो. तो थेट आघूर्ण म्हणून भरला तर यंत्र चौपट जड होते आणि दोष दूर होण्याचा निर्णायक काळ फसवा लांबतो. सुरक्षेच्या बाजूची ही चूक नव्हे.

एचव्हीडीसीबाबत (उच्चदाबाच्या एकदिश प्रवाहाच्या जोडणीबाबत) एवढेच की, चंद्रपूर–पडघे या ±५०० केव्ही, १५०० मेगावॅटच्या जोडणीत सक्रिय शक्ती एका टोकाला घेतली आणि दुसऱ्या टोकाला दिली जात असली, तरी थायरिस्टरचे दोन्ही कन्व्हर्टर रिॲक्टिव्ह पॉवर घेतातच. तेथे दोन टोकांना मेगावॅटची चिन्हे विरुद्ध आणि मेगाव्हारची चिन्हे सारखी हवीत.

आपल्या कामासाठी माझी सूचना अशी. पूर्ण मॉडेल हलवण्याआधी दोन बसचे चिमुकले जाळे दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये बांधा: एक स्रोत, वरची दहा किलोमीटरची केबल, एक मोटरसदृश भार, एक कपॅसिटर. कपॅसिटर जोडला की भाराच्या बसचे व्होल्टेज चढले पाहिजे. भार काढला की स्रोताने रिॲक्टिव्ह पॉवर घेतली पाहिजे. निर्मिती वजा भार वजा लॉस शून्य आले पाहिजे. हे तिन्ही जुळेपर्यंत मोठी फाइल उघडू नये. त्यानंतर आयात करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये चिन्ह बदलणारी ओळ प्रत्येक उपकरण-प्रकारासाठी एकदाच, एका जागी ठेवा, आणि स्तंभाच्या नावातच एकक आणि दिशा लिहा: ‘मेगाव्हार, बसमधून बाहेर धन’. मुंबईत येणाऱ्या जोडण्यांसाठी ‘आयात धन’ की ‘निर्यात धन’ हेही स्तंभाच्या नावात असू द्या, शेरा म्हणून वेगळ्या फाइलीत नको.

उरला वाहिनीचा रिॲक्टन्स. दोन फाइलींतील आकड्यांचे गुणोत्तर काढणे हे निदानाचे उत्तम साधन आहे. गुणोत्तर १०० असेल तर टक्के, ३ असेल तर फेज आणि लाइन व्होल्टेजचा वर्ग, २ असेल तर अर्धा ससेप्टन्स, रोहित्राच्या बाबतीत त्याच्या एमव्हीए आणि १०० चे गुणोत्तर आले तर आधार बदललेला नाही. आपले ०.०३३१ भागिले ०.०२३० म्हणजे १.४४ येते, आणि हा १३२ भागिले ११० याचा वर्ग आहे. मुंबईतील जुने पारेषण जाळे ११० केव्हीचे, तर राज्यात इतरत्र तो स्तर बहुधा १३२ केव्हीचा. त्यामुळे राज्याच्या मॉडेलमधून घेतलेल्या साच्यात बसचा आधार १३२ राहून गेला असावा. दहा किलोमीटरला ०.४ ओहमप्रमाणे ४ ओहम होतात; ४ भागिले १२१ म्हणजे ०.०३३१ आणि ४ भागिले १७४.२४ म्हणजे ०.०२३०, हे तंतोतंत जुळते. तरीही सावध राहण्याचे एक कारण आहे: १३२ आणि ११० यांचे गुणोत्तर १.२ आहे आणि ६० व ५० हर्ट्झचेही १.२ आहे (वारंवारतेची दुरुस्ती चुकून दोनदा झाली तर रिॲक्टन्समध्येही १.४४ येऊ शकते), म्हणून एका आकड्यावर निदान सोडू नये. त्याच वाहिनीचा रेझिस्टन्स आणि ससेप्टन्स दोन्ही फाइलींत पाहा. आधार चुकलेला असेल तर रेझिस्टन्सही १.४४ पट कमी आणि ससेप्टन्स १.४४ पट जास्त दिसेल, म्हणजे रिॲक्टन्स आणि ससेप्टन्सचा गुणाकार दोन्हीकडे सारखाच येईल. वारंवारतेचा प्रश्न असेल तर रेझिस्टन्स दोन्हीकडे एकच राहील. पहिला प्रकार आढळला तर फक्त ती एक वाहिनी दुरुस्त न करता त्या बसचा आधार ११० करा आणि तिला जोडलेल्या प्रत्येक वाहिनीचे व रोहित्राचे पर युनिट मूल्य ओहमवरून पुन्हा काढा.